ओगोनीचा अहवाल : मातीचे मोजमाप आणि कोरी राहिलेली वही

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ऑगस्ट २०११ मध्ये नायजेरियातील ओगोनीलँड या प्रदेशाच्या तेल-प्रदूषणाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. तेल उद्योगाच्या दुष्परिणामांवर लिहिणारे पुष्कळ जण आजही त्यातलाच एखादा आकडा उचलतात. अहवाल मात्र फारसा वाचला जात नाही. अडीचशेहून अधिक पानांचा हा दस्तऐवज विज्ञानाच्या शिक्षकांनी अवश्य वाचावा, पण त्याच्या मर्यादा ओळखून वाचावा, असे आम्हाला वाटते.

ओगोनीलँड हा नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व भागातला सुमारे एक हजार चौरस किलोमीटरचा मुलूख. येथील लोक शेती आणि मासेमारी करणारे. त्रिभुज प्रदेशात १९५६ मध्ये ओलोईबिरी येथे तेल सापडले आणि त्यानंतर दोनच वर्षांत ओगोनीतही विहिरी खोदल्या गेल्या. लोकांचा विरोध वाढल्यावर शेल कंपनीने १९९३ मध्ये तेथील उत्पादन थांबवले. आंदोलनाचे नेते व लेखक केन सारो-विवा आणि त्यांचे आठ सहकारी यांना लष्करी राजवटीने नोव्हेंबर १९९५ मध्ये फाशी दिली. तेव्हा या अहवालासाठी पाहणी झाली ती उत्पादन बंद पडून दीड दशक उलटल्यानंतर. तेल निघत नव्हते, पण बॉनी बंदराकडे जाणारे नळ याच मुलखातून वाहत होते आणि गळतही होते. बॉनीहून निघणारे हलके, कमी गंधकाचे तेल भारतातले तेलशुद्धीकरण कारखानेही घेत आले आहेत, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

अहवालाचे खरे बळ मोजमापात आहे. दोनशेहून अधिक ठिकाणांची पाहणी झाली आणि ६९ ठिकाणी माती व भूजल यांची बारकाईने तपासणी झाली. सर्वात गाजलेला आकडा निसिसिओकेन ओगाले या वस्तीतल्या विहिरींचा. तेथे पाण्यात बेन्झीनचे प्रमाण लिटरला ९,२८० मायक्रोग्रॅमपर्यंत आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे नऊशे पटींहून अधिक. बेन्झीन हा कर्करोगकारक पदार्थ आहे. ९,२८० मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण सव्वानऊ मिलिग्रॅम, आणि एक लिटर पाण्यात जवळपास पावणेदोन ग्रॅम बेन्झीन विरघळू शकते. तेव्हा इतके बेन्झीन पाण्यात पूर्ण विरघळून जाते आणि पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसू शकते. ‘नितळ ते शुद्ध’ हा विद्यार्थ्यांच्या मनातला समज मोडायला याहून बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. तिथल्या लोकांना धोका माहीत होता, तरी दुसरे पाणी नसल्याने ते हेच पाणी पीत होते.

पण हा आकडा देणारे पुढची ओळ सहसा देत नाहीत. तेथे भूजलावर सुमारे आठ सेंटिमीटरचा जो थर तरंगत होता तो कच्च्या तेलाचा नव्हता. तो शुद्ध केलेल्या इंधनाचा होता, आणि जवळून जाणारा नळ नायजेरियाच्या सरकारी तेल कंपनीचा होता. परदेशी कंपनी गुन्हेगार आणि देशी सरकार निरपराध, अशी सोपी विभागणी करणाऱ्यांची येथे अडचण होते. अहवालाने ही अडचण लपवली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. मासे खाल्ल्याने आरोग्याला मोठा धोका नाही, असेही तो सांगतो. नुकसान आहे ते खारफुटीतला माशांचा आसराच नष्ट झाल्याचे.

आमच्या मते सर्वात मोलाचा भाग मातीचा. या प्रदेशात वरच्या मातीखाली चिकणमातीचा सलग थर आहे, तेल खाली झिरपत नाही, असे गृहीत धरून सांडलेल्या तेलाची ‘सफाई’ होत असे. पद्धत अशी की, जागच्या जागी माती उकरायची, खत मिसळायचे आणि उरलेले काम जिवाणूंवर सोपवायचे. जिवाणू तेल खातात हे खरेच आहे. परंतु त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो वरच्या थरात भरपूर, खाली तुटपुंजा. शिवाय धो धो पावसात तेल धुपून नाल्यात जाते किंवा खोल उतरते. असा सलग थर मुळी नाहीच, हे अहवालाने दाखवून दिले. ४९ ठिकाणी तेल पाच मीटर किंवा त्याहून खोल सापडले. कंपनीच्या दप्तरी ‘सफाई पूर्ण’ अशी नोंद असलेल्या १५ जागा तपासल्या, तर त्यातल्या १० जागा कंपनीच्याच मापाने अजून दूषित निघाल्या. पद्धत प्रयोगशाळेत बरोबर असूनही जमिनीवर का फसते, याचा हा नमुना आहे.

तेलाच्या हातभट्ट्यांचेही वर्णन येथे आहे. नळातून चोरलेले कच्चे तेल उघड्यावर तापवायचे, वाफ थंड करून इंधन मिळवायचे आणि उरलेला गाळ खाडीत ओतायचा. पाठ्यपुस्तकातल्या भागशः ऊर्ध्वपातनाचे हे फार विदारक रूप. बोडोच्या पश्चिमेला २००७ ते २०११ या काळात अशा भट्ट्यांपायी सुमारे दहा टक्के निरोगी खारफुटी गेली. तरुण या धंद्यात का उतरतात, याकडे अहवाल फार वेळ पाहत नाही. आणि येथेच त्याची वही कोरी पडू लागते.

त्याने माती मोजली, पाणी मोजले. शेत नापीक झाल्याने घराचे उत्पन्न किती घटले, हे मोजले नाही. स्वातंत्र्याच्या वेळी, १९६० मध्ये, खनिज उत्पन्नाचा निम्मा वाटा ज्या विभागात ते निघे त्याला मिळत असे. पुढे केंद्र सरकारांनी तो कापत नेला. १९८०च्या दशकात तो दोन-एक टक्क्यांवर आला. १९९९ च्या राज्यघटनेने किमान १३ टक्के ठरवले. ही पार्श्वभूमी वगळली की प्रदूषण हा निव्वळ तांत्रिक दोष वाटू लागतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचेही तसेच. तेल विकले की उत्पन्न वाढते. विहीर नासली म्हणून काही वजा होत नाही. आणि विहीर साफ करायला खर्च झाला की तो पुन्हा उत्पन्नातच जमा!

नुकसानीची किंमत अखेर ठरली ती लंडनच्या न्यायदरबारी. बोडोला २००८ मध्ये झालेल्या दोन गळत्यांबद्दल जानेवारी २०१५ मध्ये शेलने ५.५ कोटी पौंडांची तडजोड केली. त्यातले साडेतीन कोटी सुमारे १५,६०० लोकांत वाटले गेले, म्हणजे माणशी साधारण २,२०० पौंड. उजाड झालेली खारफुटी आणि गेलेला धंदा यांचा हा भाव कोणत्या शास्त्रीय मोजणीतून निघाला नाही. तो वकिलांच्या वाटाघाटीतून निघाला.

अहवालाने पुनःस्थापनेला २५ ते ३० वर्षे लागतील असे म्हटले आणि पहिल्या पाच वर्षांसाठी एक अब्ज डॉलरचा निधी सुचवला. हा आकडा नंतर ‘एकूण खर्च’ म्हणून सर्वत्र छापला गेला. तो केवळ पहिला हप्ता आहे. जमिनीवर सफाईचे काम सुरू व्हायलाच २०१९ उजाडले. मार्च २०२५ मध्ये शेलने आपली तिथली जमिनीवरची तेल कंपनी मुख्यतः नायजेरियन कंपन्यांच्या एका गटाला विकली, आणि त्याच वर्षी ओगोनीत पुन्हा तेल काढण्याविषयी सरकारची बोलणी चालू होती. सफाईची ती तीस वर्षे तेव्हा जेमतेम सहा सरली होती.