‘वादग्रस्त’ कोण ठरवतं? रहीम स्टर्लिंग आणि दोन मथळे

माध्यमांवर रिसर्च करायचा विचार असेल, तर तुमच्या प्रपोजलमध्ये एक वाक्य हमखास येणार: ‘माध्यमांनी अमुक व्यक्तीची प्रतिमा मलिन केली.’ त्यावर गाईडचा प्रश्नही ठरलेला. कशावरून? इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. आपण चार संतापजनक कात्रणं पुढं करतो आणि समोरचा म्हणतो, ‘बरं, पण यातली खोटी बातमी कुठली?’ खोटी एकही नसते. मग आपण गप्प.

आज अशीच एक केस घेऊ: इंग्लंडचा फुटबॉलपटू रहीम स्टर्लिंग. त्याच्याबद्दल छापून आलेलं बरंचसं तपशिलाच्या पातळीवर खरं होतं. तरीही ते वार्तांकन अन्यायकारक होतं, असं माझं म्हणणं आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, ते नीट मांडता आलं की तुमचं प्रपोजल उभं राहिलं समजा.

आधी माणूस बघा. स्टर्लिंगचा जन्म ८ डिसेंबर १९९४ चा, जमैकातल्या किंग्स्टनचा. तो दोन वर्षांचा असताना वडिलांचा गोळ्या घालून खून झाला. पाचव्या वर्षी तो आईकडे लंडनला आला आणि वेम्बली स्टेडियमच्या परिसरात वाढला. २०१५ मध्ये लिव्हरपूलनं देऊ केलेला नवा करार त्यानं नाकारला, क्लबला न विचारता बीबीसीला मुलाखत दिली आणि त्याच उन्हाळ्यात ४.९ कोटी पौंडांपर्यंत जाणाऱ्या रकमेवर तो मँचेस्टर सिटीत गेला. त्या काळात त्याचे हुक्का ओढतानाचे फोटोही छापून आले. ‘पैशामागं धावणारा, बिघडलेला पोरगा’ हे चित्र तिथून पक्कं झालं.

पुढच्या बातम्या याच चित्रात बसत गेल्या. २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंड आइसलँडकडून हरलं. त्यानंतर ‘द सन’नं स्टर्लिंग आलिशान घराचं प्रदर्शन करतोय म्हणून त्याला झोडपलं. घर त्यानं आईसाठी घेतलं होतं. एकीकडे तो उधळ्या, दुसरीकडे स्वस्त विमान कंपनीच्या विमानानं प्रवास केला तर त्याचीही बातमी. मे २०१८ मध्ये, विश्वचषक तोंडावर असताना, त्याच्या उजव्या पायावरचा बंदुकीचा टॅटू पहिल्या पानावर आला. तेव्हा त्याला सांगावं लागलं की वडिलांच्या खुनामुळं आपण कधीही बंदुकीला हात न लावण्याची शपथ घेतली होती, आणि आपण उजव्या पायानं ‘शूट’ करतो म्हणून ते चित्र त्या पायावर आहे.

मग ८ डिसेंबर २०१८ उजाडला. त्याचा चोविसावा वाढदिवस. चेल्सीच्या मैदानावर सामना चालू असताना सीमारेषेजवळच्या काही प्रेक्षकांनी त्याला शिवीगाळ केली. चेल्सीनं पुढं एका प्रेक्षकावर कायमची बंदी घातली. दुसऱ्या दिवशी स्टर्लिंगनं इन्स्टाग्रामवर त्या प्रेक्षकांबद्दल थोडंच लिहिलं. त्यानं ‘डेली मेल’चे दोन मथळे शेजारीशेजारी ठेवले आणि अशा वार्तांकनातून वंशद्वेषाला खतपाणी मिळतं, असं म्हटलं.

दोन्ही मथळे मँचेस्टर सिटीच्या तरुण खेळाडूंचे, दोन्ही घरखरेदीचे. एक टोसिन अदाराबायो, कृष्णवर्णीय. दुसरा फिल फोडन, गोरा. स्टर्लिंगनंच लिहिलं तसं, दोघांनीही घर आईसाठी घेतलं होतं.

आता हे मथळे डेटा म्हणून वाचा. अदाराबायोच्या मथळ्यात त्याचं नावच नाही. तो नुसता सिटीचा तरुण फुटबॉलपटू. वय आहे, आठवड्याचा २५,००० पौंड पगार आहे, घराची २२.५ लाख पौंड ही किंमत आहे. घर म्हणजे ‘मॅन्शन’, आणि ते घेण्याचं क्रियापद पैसे उधळण्याचं. शेवटी एक शेपूट: प्रीमियर लीगच्या एकाही सामन्यात सुरुवातीपासून खेळलेला नसतानाही. फोडनच्या मथळ्यात नाव आहे, तो उगवता तारा आहे, क्रियापद साधं ‘विकत घेतो’, वास्तू म्हणजे ‘घर’ आणि शेवटी ‘आईसाठी’. पगाराचा उल्लेख नाही.

सगळी मेख त्या ‘नसतानाही’मध्ये आहे. हा शब्द माहिती देत नाही, तो हक्क तपासतो. या मुलाला एवढ्या महाग घराचा अधिकार आहे का, असा प्रश्न वाचकाच्या मनात सोडून देतो. आणि गंमत बघा, फोडन प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला तो एप्रिल २०१९ मध्ये. म्हणजे त्याच्या घराची बातमी आली तेव्हा तेच शेपूट त्यालाही तंतोतंत लागू होतं. लावलं नाही, एवढंच.

एका मथळ्यातला घटक दुसऱ्यात घालून अर्थ कसा बदलतो ते तपासण्याला चिन्हमीमांसेत अदलाबदल चाचणी म्हणतात. स्टर्लिंगनं ती कुठल्या विद्यापीठात शिकून केली नव्हती, पण पद्धत म्हणून ती चोख होती. विषय, क्लब, वृत्तपत्र आणि वर्ष तेच. बदललं ते नाव आणि वर्ण.

पण थांबा. इथं टाळ्या वाजवून प्रपोजल बंद केलंत तर व्हायव्हात फजिती होईल. कोणीतरी विचारणारच: दोनच मथळे? त्याच्या नेमके कामाचे दोन त्यानं उचलले नसतील कशावरून? शिवाय पर्यायी स्पष्टीकरण आहेच. फोडन त्याआधीच गाजलेला होता. २०१७ ची सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, ती आठवत असेल. इंग्लंडचा संघ उपांत्यपूर्व सामना गोव्यात, मडगावला खेळला आणि कोलकात्यात अंतिम सामना जिंकला. त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू फोडन होता. मग त्याचं नाव मथळ्यात येणं हा वर्णाचा परिणाम की प्रसिद्धीचा? नावापुरतं हे स्पष्टीकरण मला पटतं. ‘उधळण्या’ला आणि ‘नसतानाही’ला मात्र ते पुरत नाही. प्रत्येक घटक असा सुटा करून तपासायचा असतो.

दुसरी अडचण ‘माध्यमं’ या शब्दाची. एप्रिल २०१९ मध्ये स्टर्लिंगला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवडलं ते इंग्लंडच्या फुटबॉल लेखकांच्या संघटनेनं, म्हणजे पत्रकारांनीच. ‘माध्यमं त्याच्या विरोधात होती’ हे वाक्य इथे कोसळतं. टॅब्लॉइडचं पहिलं पान, क्रीडापान आणि घरं-गाड्या-सुट्ट्यांच्या बातम्या देणारं वेबसाइटचं डेस्क या वेगवेगळ्या जागा आहेत. तुमचा नमुना कुठल्या जागेचा, ते आधी लिहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या शिबिरात स्टर्लिंग सहकारी जो गोमेझच्या अंगावर गेला आणि त्याला एका सामन्यातून वगळलं. ती बातमी रास्तच होती. अशी उदाहरणं नमुन्यातून गाळलीत तर तुम्हीही त्या मथळ्यासारखंच सोयीचं तेवढं निवडताय.

मोठा नमुना घेतला की काय हाती लागतं, याचा अंदाज २०२० च्या एका अभ्यासातून येतो. रनरिपीट या डॅनिश संस्थेनं इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेबरोबर युरोपातल्या चार लीगमधल्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं, दोन हजारांवर विधानं कोड केली. गडद वर्णाच्या खेळाडूंच्या ताकदीबद्दल बोललं जाण्याची शक्यता सहापटींहून जास्त निघाली, वेगाबद्दल तिपटीहून जास्त. बुद्धीचं कौतुक मात्र जास्त करून उजळ वर्णाच्या वाट्याला. त्वचेची छटा ठरवायला त्यांनी फुटबॉल मॅनेजर या व्हिडिओगेमचा डेटाबेस वापरला. यावर टीका करता येईल, करावीच. पण मोजमाप कशानं केलं ते त्यांनी सांगून टाकलंय, म्हणूनच ती टीका शक्य होते.

सिद्धांताची जोड हवी असेल तर स्टुअर्ट हॉल वाचा. तोही किंग्स्टनचाच, जन्म १९३२. ‘रिप्रेझेंटेशन’ या १९९७ च्या पुस्तकातल्या आपल्या प्रकरणात तो सोल ऑलिंपिकमधल्या शंभर मीटर शर्यतीच्या छायाचित्रापासून सुरुवात करतो. चित्राला अनेक अर्थ शक्य असतात, त्यातला एक अर्थ मथळा पक्का करतो, आणि एका चित्राचा अर्थ आधीच्या चित्रांवर साचत जातो, हे तो दाखवतो. स्टर्लिंगचं नेमकं हेच झालं. पायावरचा टॅटू एकटा आला असता तर फार तर कुतूहलाचा विषय ठरला असता. तो घर, हुक्का आणि पगाराच्या थरावर येऊन बसला, म्हणून पहिल्या पानावर गेला.

म्हणून मी म्हणते, अन्याय शोधायचा तो निवडीत, क्रियापदात आणि पुनरावृत्तीत. एकेक बातमी ‘खरी की खोटी’ या चाळणीतून गाळलीत तर सगळ्या पास होतील.

आता आपल्या भाषेकडे या. मराठी क्रीडापानांचा लाडका शब्द आहे ‘वादग्रस्त’. पूरग्रस्त म्हणजे पुराचा फटका बसलेला. दुष्काळग्रस्त, अपघातग्रस्त, सगळीकडे ‘ग्रस्त’ हा सोसणारा. पूरग्रस्तानं पूर आणला असं कोणी म्हणत नाही. पण ‘वादग्रस्त खेळाडू’ म्हटलं की वाद त्यानंच ओढवून घेतला असं आपण गृहीत धरतो. वाद कोणी उकरला, किती दिवस चालवला, त्यावर किती अंक खपवले, हे त्या विशेषणाआड झाकलं जातं.

करून बघण्यासारखं एक छोटं काम देते. एक मराठी दैनिक आणि एक वर्ष ठरवा. ‘वादग्रस्त’ हा शब्द खेळाडूंना लागलेली प्रत्येक बातमी गोळा करा, आवडत्या खेळाडूची आणि नावडत्याचीही. प्रत्येकीसमोर तीन रकाने: वाद कशाचा, तो सुरू कोणी केला, आणि तशाच वागण्याबद्दल दुसऱ्या कोणाला हा शब्द लागला का. मैत्रिणीकडून किंवा मित्राकडून तेच कोडिंग स्वतंत्रपणे करून घ्या आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पानं मोजा. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल, आणि गाईडच्या ‘कशावरून?’चं उत्तर त्यातच सापडेल.