प्रायश्चित्त, अनुताप आणि तुकारामांचे दोन अभंग

दुःखाने चित्त शुद्ध होते, हे विधान मराठी संतसाहित्याच्या समीक्षेत इतक्या सहजतेने केले जाते की त्यातील अडचण सहसा लक्षात येत नाही. दुःख आणि शुद्धी यांच्यामध्ये अनुतापाची पायरी आहे, आणि ती वगळली की भक्तीचा विचार दैववादाच्या जवळ जाऊन पोहोचतो. तुकारामांच्या दोन आत्मपर अभंगांच्या आधारे या पायरीचे स्वरूप तपासता येते.

धर्मशास्त्रात पापक्षालनाची व्यवस्था प्रायश्चित्ताची आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताध्याय म्हणूनच ओळखला जातो. कृच्छ्र, चांद्रायण यांसारखी व्रते पापाच्या मापाने ठरलेली आहेत. अनुताप तेथे अज्ञात नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु तो अनेक साधनांपैकी एक आहे. भक्तिसंप्रदायाने तोच मध्यवर्ती केला. त्याला माप नाही, त्याचा विधी नाही आणि तो सांगणारा पुरोहितही नाही.

या स्थित्यंतराचा ठळक टप्पा एकनाथी भागवतात दिसतो. १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण झालेल्या या टीकेतील तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या कदर्यूची कथा येते. धनलोभी ब्राह्मणाचे धन नष्ट होते, स्वजन दुरावतात, आणि मग त्याला विरक्ती येते. भिक्षू झाल्यावर लोक त्याचा छळ करतात. तो त्या छळाचे कारण लोकांत, ग्रहांत किंवा कर्मात न शोधता स्वतःच्या मनात शोधतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कदर्यूचे दुःख त्याच्या कृपणतेचे फळ आहे. दोष, दंड, अनुताप, शुद्धी अशी साखळी तेथे अखंड आहे.

तुकारामांच्या बाबतीत ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते. १६३०-३१ च्या दुष्काळाने गुजरात आणि दख्खन उद्ध्वस्त केले. शाहजहानच्या दरबारी इतिहासातही त्याची नोंद आहे. तो देहूच्या एका वाण्याच्या पापाचे फळ नव्हता. आपली जात, व्यवसाय आणि आयुष्याचा क्रम सांगणाऱ्या अभंगात तुकाराम आईवडिलांचा मृत्यू, दुष्काळात गेलेले द्रव्य व मान, आणि अन्नासाठी आक्रोश करीत मेलेली एक पत्नी यांचा उल्लेख करतात. त्यानंतर येते ती लाज. केलेल्या अपराधाच्या जाणिवेपेक्षा ही लाज वेगळी आहे. ज्याच्यावर इतरांच्या अन्नाची जबाबदारी होती आणि जो ती पार पाडू शकला नाही, त्याची ती लाज आहे. देवळाचा जीर्णोद्धार, कीर्तन, संतवचनांचे पाठांतर हे सर्व तिच्या मागून येते.

दुसरा अभंग दिवाळे निघाल्याबद्दल देवाजवळ समाधान व्यक्त करणारा, अधिक प्रसिद्ध. दुष्काळाने पीडले ते बरे झाले, लोकांत अपमान झाला ते बरे झाले, धन आणि गुरे गेली ते बरे झाले, बायको कर्कश मिळाली तेही बरे झाले, अशी ती यादी वाढत जाते. अनुतापाचा शब्द याच अभंगात आहे, आणि चिंतन टिकले ते त्याच्यामुळे, असे कवी म्हणतो. दुष्काळाने पीडा दिली; चिंतन अनुतापाने राखले. ही विभागणी कवीने स्वतः केलेली आहे. तरीही हा अभंग दुःखाच्या स्तुतीचा म्हणून उद्धृत होतो.

पण दोन्ही अभंग शेजारी ठेवून वाचले की एक अनुपस्थिती जाणवते. भुकेने मेलेली पत्नी या 'बरे झाले'च्या यादीत नाही. यादीतील स्त्री जिवंत आहे, भांडणारी आहे. स्वतःचे धन, मान, लौकिक यांच्या नाशाला बरे म्हणण्याचा अधिकार भोगणाऱ्याला आहे. दुसऱ्याच्या मरणाला बरे म्हणण्याचा नाही. हे वगळणे हेतुपुरस्सर होते की नाही हा प्रश्न गौण आहे. अभंग तसा आहे, एवढे पुरेसे आहे.

रा. द. रानडे यांनी १९३३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तुकारामांच्या व्याकुळ अभंगांना ख्रिस्ती गूढवादातील 'आत्म्याची काळी रात्र' ही संज्ञा लावली. तुलना उद्बोधक आहे. तथापि काळ्या रात्रीनंतर पहाट, असा क्रम ती गृहीत धरते. गाथेतील अभंगांचा कालक्रम उपलब्ध नसल्याने हा क्रम वाचकानेच रचलेला ठरतो. रानड्यांच्याही आधी, अठराव्या शतकात, महिपतींनी वेगळ्या दिशेने असेच काही केले होते. त्यांच्या चरित्रकथनात तुकारामांचे विरोधक रामेश्वरभट्ट फकिराच्या शापाने अंगाच्या दाहात पडतात, आणि तुकारामांना शरण गेल्यावर तो दाह शमतो. शास्त्रज्ञ ब्राह्मणाला शास्त्रोक्त प्रायश्चित्त उपयोगी पडत नाही, हा भाग भक्तीच्या बाजूचा. पण दुःख पुन्हा अपराधाचा दंड झाले, हा भाग जुन्या व्यवस्थेचा. तुकारामांनी सोडवलेली गाठ चरित्रकाराने नकळत परत मारली.

एक गोष्ट मात्र तुकारामांच्या बाजूनेही अवघड राहते. त्याच दुसऱ्या अभंगात, देवाचे काम करताना बायकामुलांची उपेक्षा झाली याचीही गणना 'बरे' मध्ये होते. येथे दुःख इतरांचे आहे आणि शुद्धी कवीची. भक्तिपर विवेचनांत हा चरण बहुधा वैराग्याचे लक्षण म्हणून पुढे सरकवला जातो. गाथा स्वतः मात्र इतकी घाई करीत नाही. घरात आलेले बाहेर वाटले जाते, नवरा टाळकुट्यांच्या संगतीत देवळात बसतो, अशी पत्नीची तक्रार सांगणारे अभंगही तुकारामांनीच तिच्या तोंडी घातले आहेत, आणि त्या तक्रारीला अनुतापाचे वळण त्यांनी दिलेले नाही. ती भूक शेवटपर्यंत भूकच राहते.