चूक पोराची की चाचणीची?

बालवाडीतल्या ‘पहिला आवाज ओळखा’ छापाच्या चित्रचाचण्या जरा बारकाईने बघा. समजा, अकोल्यातल्या पोराला विहिरीचं चित्र दाखवलं. घरी ‘इहीर’ ऐकणारं पोरगं ‘इ’ म्हणणार. उत्तरसूचीत ‘वि’ आहे, म्हणून शून्य गुण! खरं तर त्याचा कान अगदी बरोबर आहे. वऱ्हाडीत ‘इ’आधीचा ‘व’ गळतो, याची नोंद ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडातही (१९०५) आहे. प्रमाण मराठीत तरी काय? ‘चार’ आणि ‘चाक’ यांचं अक्षर एक, आवाज दोन. म्हणजे असे प्रश्न आवाजाची जाण नाही, तर प्रमाण लेखन मोजतात. अमरावती-अकोल्यात डेटा गोळा करणार असाल, तर आधी पोरालाच चित्राचं नाव म्हणू द्या. मग त्याच्याच उच्चारातला पहिला आवाज विचारा.