श्राव्य शब्दाचे अध्यापन : जॉर्ज पिअर्स बेकरचा प्रयोग

भाषण आणि नाटक ह्या दोन्ही लेखनप्रकारांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांची संहिता कागदावर पूर्ण होत नाही. कादंबरीच्या वाचकाला वाटेल तेथे थांबता येते, मागचे पान पुन्हा उलटता येते. श्रोत्याला ती सवलत नसते. वाक्य कानावरून गेले की गेले. शिवाय ते लिहिणारा एक आणि उच्चारणारा दुसरा असू शकतो. अशा लेखनाचे शिक्षण विद्यापीठात देता येईल काय, आणि देता आले तर त्यात नेमके काय शिकवावे, ह्या प्रश्नाची प्रत्यक्ष वर्गात परीक्षा पाहणाऱ्यांत हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉर्ज पिअर्स बेकर ह्याचे स्थान मोठे आहे. त्याच्या प्रयोगातील यश जितके बोधप्रद आहे, तितकेच त्यातील अपयशही.

यूजीन ओनीलचा गुरू म्हणून बेकरचे नाव आज घेतले जाते. त्यामुळे त्याच्या अध्यापनाचा आरंभ नाटकापासून झाला नव्हता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. १८९५ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ युक्तिवादाच्या तत्त्वांवर आहे, आणि १९०४ साली त्याने संपादित केलेला संग्रह सार्वजनिक भाषणाच्या विविध रूपांचा आहे. वकील खटल्याचे टाचण करतो त्याप्रमाणे विद्यार्थ्याने प्रथम वादाचा मुद्दा निश्चित करावा, पुरावा तपासावा, प्रतिपक्षाचे म्हणणे समजून घ्यावे आणि मग समोरच्या श्रोत्यांचा विचार करून भाषण रचावे, असा त्याच्या शिकवणीचा क्रम होता. नाट्यलेखनाचा वर्ग चालविताना ही शिस्त त्याने टाकून दिली नाही. १९१९ सालच्या आपल्या नाट्यतंत्रावरील ग्रंथात भावना प्रेक्षकांपर्यंत अचूक पोहोचविणे हे नाटकाचे मूलकार्य आहे, असे तो मानतो. भाषणातील श्रोताच येथे प्रेक्षक होऊन आला आहे.

ह्या दोन कलांचे नाते प्राचीन आहे. अथेन्सच्या न्यायसभेत पक्षकाराला आपली बाजू स्वतःच मांडावी लागे. त्यामुळे दुसऱ्यासाठी भाषणे लिहून देण्याचा एक व्यवसायच तेथे निर्माण झाला. त्या व्यवसायातील लिसिअसची ख्याती अशी की, अशिलाच्या स्वभावाला शोभेल अशीच भाषा तो त्याच्या तोंडी घाली. एराटोस्थेनिसच्या वधासंबंधीच्या खटल्यात बोलणारा युफिलिटस हा साधाभोळा गृहस्थ वाटतो. ते साधेपण लिसिअसच्या लेखणीने घडविलेले आहे. भाषण लिहून देणारा माणूस अशा रीतीने नाटककाराचेच काम करीत असतो. फरक एवढाच की, त्याचे पात्र जिवंत असते आणि रंगमंचावरून उतरल्यावरही ते तेच नाव धारण करते.

हा फरक मात्र लहान नाही. नाटकातील खलपुरुषाचे शब्द नाटककाराचे मत नव्हे, हे प्रेक्षक जाणून असतो. भाषणाच्या श्रोत्यापाशी असा करार नसतो. बोलणाऱ्याचे शब्द त्याचेच आहेत ह्या विश्वासाने तो ऐकतो. म्हणूनच हे दोन विषय जवळजवळ ठेवून शिकविण्यात मोठा लाभ आहे. संवाद लिहिणाऱ्याला भाषणाच्या अभ्यासातून तर्काची शिस्त मिळते. भाषण लिहिणाऱ्याला नाटकाच्या अभ्यासातून कळते की, आपण एक भूमिका रचीत आहोत आणि तिच्या खरेपणाची जबाबदारी आपल्यावर आहे. बेकरच्या शिकवणीत ह्या दोन्ही विद्या एका माणसाच्या ठायी एकत्र आल्या होत्या, हे तिचे खरे महत्त्व.

हार्वर्डमध्ये १९०५ च्या सुमारास सुरू झालेल्या त्याच्या नाट्यलेखनाच्या वर्गाचा अभ्यासक्रमांक सत्तेचाळीस होता. पुढे १९१२ मध्ये त्याला जोडून जी प्रयोगशाळा निघाली, तिलाही हाच आकडा चिकटला. विद्यार्थ्यांची निवडक नाटके तेथे निमंत्रित प्रेक्षकांसमोर होत, आणि प्रयोग पाहिल्यावर लेखी अभिप्राय देणे हे त्या प्रेक्षकांचे कर्तव्य असे. ह्या साध्या नियमात बेकरच्या अध्यापनाचे मर्म आहे. विद्यार्थ्याचा अंतिम परीक्षक अध्यापक राहिला नाही. ते स्थान श्रोत्याला मिळाले. भारतीय वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. नाट्यशास्त्रात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना प्रेक्षकाचे गुण सांगितले आहेत आणि निर्णय देणाऱ्या प्राश्निकांचाही निर्देश केला आहे. प्रेक्षकाला शास्त्रात स्थान देणारी ही परंपरा हार्वर्डच्या प्रयोगाहून कितीतरी जुनी आहे.

तथापि बेकरच्या पद्धतीची मर्यादाही त्याच्या सर्वांत कीर्तिमान शिष्याच्या बाबतीत दिसून येते. ओनील १९१४-१५ ह्या वर्षी त्याच्या वर्गात होता. ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’ ही आपली एकांकिका बेकरला नाटकच वाटली नाही, असे ओनीलने पुढे सांगितले आहे. मरणासन्न खलाशी आणि त्याच्याजवळ बसलेला सोबती एवढाच जिचा विषय, त्या ह्या कृतीने १९१६ मध्ये प्रॉव्हिन्सटाउनच्या नाट्यमंडळीकडून रंगभूमीवर येऊन ओनीलच्या कर्तृत्वाचा आरंभ केला. गुरूच्या तंत्रकल्पनेत न बसणारे नाटक अन्यत्र प्रेक्षकांनी स्वीकारले. ज्या श्रोत्याला बेकरने परीक्षकाचे आसन दिले, त्या श्रोत्यानेच येथे बेकरचा निर्णय फिरविला, असे म्हणावे लागते. ह्यात त्याच्या तत्त्वाचा पराभव नाही. पराभव झाला तो त्या तत्त्वाआड आलेल्या ठोकताळ्यांचा. आणि गुरूच्या १९३५ मधील मृत्यूनंतर त्याचे ऋण जाहीरपणे मान्य करणाऱ्यांत ओनीलही होता.

विद्यापीठाची मर्यादा ह्याहून मोठी ठरली. नाटक हा अभ्यासाचा विषय म्हणून हार्वर्डला मान्य होता. त्यासाठी स्वतंत्र रंगमंदिर आणि पदवी देण्यास ते राजी नव्हते. १९२५ मध्ये बेकर येल विद्यापीठात गेला. तेथे एडवर्ड हार्कनेसच्या दहा लक्ष डॉलरांच्या देणगीतून नाट्यविभाग आणि रंगमंदिर उभे राहिले. दरम्यान भाषणविद्येनेही वेगळी चूल मांडली होती : १९१४ मध्ये सतरा अध्यापकांनी इंग्रजीच्या अध्यापकांपासून फुटून आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. १९२५ मध्येच हर्बर्ट विकेल्न्सने असे प्रतिपादन केले की, वक्तृत्वाच्या समीक्षेचा विषय कृतीचे चिरंतन सौंदर्य हा नसून विशिष्ट श्रोत्यांवर झालेला तिचा परिणाम हा आहे. ह्या विचाराने भाषणाच्या अभ्यासाला स्वतःचा पाया मिळाला. पण साहित्य आणि वक्तृत्व ह्यांच्यातील दरीही त्यामुळे रुंदावली. नाटक एका विभागात, भाषण दुसऱ्या विभागात आणि मुद्रित ग्रंथ तिसऱ्या विभागात, अशी ती वाटणी झाली.

भारतातील विद्यापीठीय जीवनात ही वाटणी बऱ्याच अंशी तशीच आली आहे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये आणि पुण्याची चित्रपटविषयक संस्था १९६० मध्ये स्थापन झाली, आणि प्रयोगकलांना त्यांची हक्काची घरे मिळाली. साहित्यविभागांत मात्र नाटक बहुधा ग्रंथ म्हणूनच वाचले जाते, आणि भाषण वक्तृत्वस्पर्धेच्या व्यासपीठावर सोडून दिले जाते. परीक्षेत कथानक, स्वभावचित्रण आणि भाषाशैली ह्यांवर प्रश्न येतात. एखादे वाक्य नटाच्या तोंडी बसते की नाही, हा प्रश्न सहसा येत नाही.

ह्यावर असा आक्षेप निघेल की, प्रतिभावंताला विद्यापीठाची गरज नसते. विजय तेंडुलकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले, आणि तरीही ‘निशांत’ (१९७५), ‘आक्रोश’ (१९८०) व ‘अर्धसत्य’ (१९८३) ह्या चित्रपटांच्या पटकथांशी त्यांचे नाव निगडित आहे. आक्षेप खरा आहे. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. तेंडुलकरांना वृत्तपत्राचा कारखाना मिळाला होता, आणि १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘रंगायन’सारख्या संस्थेतून जाणते नट व सावध प्रेक्षक लाभले होते. बेकरने जी प्रयोगशाळा वर्गात उभारली, ती त्यांना वर्गाबाहेर सापडली. ज्याला ती बाहेर सापडत नाही, त्या विद्यार्थ्याचा प्रश्न शिल्लकच राहतो.

लेखनप्रतिभा शिकविता येत नाही, हे बेकरही जाणून होता. शिकविता येतो तो श्रोत्याचा आदर. संहिता मोठ्याने वाचली जावी, दुसऱ्याच्या तोंडून ती स्वतः लेखकाने ऐकावी, ती कोठे अडली, कोठे खोटी वाटली, हे अनोळखी माणसांकडून समजून घ्यावे, एवढी सोय साहित्यविभागाला करता येण्याजोगी आहे. तिला भव्य रंगमंदिर लागत नाही. एक खोली, चार वाचक आणि निर्भीडपणे मत देणारे वीस श्रोते पुरतात. जो अभ्यासक्रम पटकथेचे नमुने आणि भाषणाचे साचे देऊन थांबतो, तो कसब देईल, विवेक देणार नाही. दुसऱ्याच्या मुखाने बोलणाऱ्या लेखकाला ह्या विवेकाची गरज इतर कोणाहीपेक्षा अधिक आहे. कारण त्याचे शब्द ज्यांच्यावर परिणाम करतात, त्यांना पुष्कळदा त्याचे नावही ठाऊक नसते.