बर्न्सची पंगत, टिळकांचा घास

२५ जानेवारी हा आपल्या उपासना-पंचांगात संत पौलाच्या परिवर्तनाचा सण. ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताहही त्याच दिवशी संपतो. स्कॉटलंडमध्ये मात्र ती रात्र रॉबर्ट बर्न्स या कवीची असते. १७५९ साली त्याच दिवशी ॲलोवे येथे एका कष्टकरी शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. आमच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या धर्मग्रामात यंदा सप्ताहाच्या सांगतेला चार-सहा मित्रांना जेवायला बोलावले, तेव्हा हे दोन्ही योग एकाच पंगतीत साधावेत असे मनात आले.

बर्न्सची पहिली पंगत १८०१ च्या जुलैत, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, त्याच्याच जन्मघरी बसली. नऊजण होते, आणि पुढाकार हॅमिल्टन पॉल या पाळकाचा होता. ज्या कवीने 'होली विलीज प्रेयर'मध्ये चर्चमधील ढोंगी वडिलांची साले काढली, त्याच्या स्मरणाची पाने एका पाळकानेच मांडावीत, हे मला फार भावते. (आपल्याकडे असे कोणी केले असते का, हा प्रश्न यजमानाने पंगतीत विचारू नये.)

या भोजनाचा मानाचा पदार्थ हॅगिस. मेंढीचे काळीज, यकृत व फुप्फुसे बारीक करून ओट, चरबी आणि कांद्यासह तिच्याच जठराच्या पिशवीत शिजवतात. वाद्याच्या गजरात ते ताट आणले जाते, त्याला उद्देशून बर्न्सने १७८६ मध्ये लिहिलेली कविता म्हटली जाते, आणि म्हणणारा मध्येच सुरी पुसून ते कापतो. आमच्याकडे हॅगिस कोठून येणार? वजडी आणि बाजरीची भाकरी केली. ताट आले तेव्हा आमचे एक निवृत्त गुरुजी हलकेच म्हणाले, "वजडी शिजत असली की आमची आई दार लावून घ्यायची. वास बाहेर गेला की आमची जात बाहेर जाई."

त्या वाक्याने ही कविता मला प्रथमच नीट उमगली. टाकाऊ मानलेल्या अवयवांच्या अन्नाला बर्न्स सन्मानाने संबोधतो, तेही आपल्या गावच्या बोलीत. विनोद त्यात आहे, पण तो अन्नाच्या किंवा ते खाणाऱ्याच्या खर्चाने केलेला नाही. दार लावून शिजवलेले त्याने वाजतगाजत दिवाणखान्यात आणले. तरीही उत्तरार्धात ही कविता घसरते, असे माझे मत आहे. फ्रेंच पक्वान्ने खाणारा कसा काडीपहिलवान आणि हॅगिस खाणारा कसा माणसांची मुंडकी छाटणारा, अशी बढाई सुरू होते. गरिबाच्या अन्नाचा मान राखायला दुसऱ्याच्या ताटाला नावे का ठेवावीत?

याच कवीची 'टू अ माउस' ही याहून फार मोठी कविता. १७८५ च्या नोव्हेंबरात नांगराखाली उंदरीचे घर मोडते आणि नांगर हाकणारा तिची क्षमा मागतो. कवीचाच हात दोषी आहे. मी मित्रांना म्हटले, आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या 'केवढे हे क्रौर्य'मध्ये नेमके हेच नाही. पक्षिणीला बाण लागतो, ती पिलांपर्यंत कशीबशी पोहोचते, शेवटचा घास भरवते आणि त्यांना अनाथांच्या पित्याच्या हवाली करून प्राण सोडते. बाण मारणारा अनाम राहतो, आपण डोळे टिपून निर्दोष राहतो. शिवाय ही माउली बोलते ती पृथ्वी वृत्तात.

पंगतीतील प्रोटेस्टंट पाळकांना हे मानवले नाही. त्यांनी पुस्तक मागवून कविता मोठ्याने वाचली आणि एका जागी थांबले. सकाळी जिने गाणे गाऊन लोकांना रमवले, तिला ते लोक कृतघ्नपणे मारतील असे वाटले नव्हते, असे पक्षीण सांगते. "गाणे ऐकणारे कोण, फादर?" त्यांनी विचारले. मला उत्तर देता येईना. शाळेपासून ही कविता पाठ असूनही तिच्यातील आरोप रसिकांवर आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. वृत्ताविषयीचा आक्षेप मी अजून मागे घेतलेला नाही. पुढे 'अभंगांजली'त टिळक स्वतःच अभंगाकडे वळले, हे मला पुरेसे सूचक वाटते. पण बर्न्सला सरस ठरवण्याची घाई मात्र मागे घेतो.

टिळकांच्या उमेदीची वर्षे याच नगर-राहुरीच्या परिसरात गेली. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त ती आजही जिवंत आहेत. आमच्या मिस्सात टिळकांची गीते गाइली जातात, तेव्हा ती प्रोटेस्टंट कवीची आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ही त्या गीतांची थोरवी खरी, पण कवी मात्र त्यांच्या आड हरवला. त्यांच्या नावाने पान मांडावे, अशी सूचना त्याच रात्री पुढे आली. जन्मदिवस ६ डिसेंबर, वर्ष १८६१. गुरुजींनी लगेच आठवण दिली की तो बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचाही दिवस. त्या दिवशी ते चैत्यभूमीला जातात. तेव्हा पंगत ७ डिसेंबरला पाळकांच्या घरी बसेल. वजडी गुरुजी स्वतः करणार आहेत.