‘नेमिंग थिंग्ज’: चांगलं आहे, पण एकट्यापुरतं

पीएचडीच्या तयारीत असाल तर जेनी ब्रायन या संख्याशास्त्रज्ञ बाईंच्या ‘नेमिंग थिंग्ज’ या २०१५ सालच्या स्लाइड्स जरूर वाचा. दहा मिनिटं लागतील. म्हणणं तीनच गोष्टींचं: फाईलचं नाव संगणकाला नीट वाचता यावं, माणसाला कळावं आणि नावानुसार लावल्यावर फाईल्स आपोआप योग्य क्रमाने याव्यात. म्हणून नावात स्पेस नको, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, आणि १ ऐवजी ०१. हे शेवटचं उगाच वाटतं ना? पण स्क्रिप्टने फाईल्स उचलल्या की बऱ्याचदा १ नंतर १० येतो आणि २ त्याच्याही नंतर.

इथपर्यंत सगळं पटतं. अडचण अशी की हा सल्ला एकट्याने काम करणाऱ्याला पुरतो. नावातली तारीख कशाची, हे एकट्याला माहीतच असतं. लॅबमध्ये चौघं असतात. समजा झिंक ऑक्साइडचा नमुना ४ मार्चला बनवला, ११ ला एक्सआरडी काढला, २० ला पीक फिटिंग केलं. तिघांनी आपापली तारीख नावात टाकली. तिन्ही नावं नियमात चोख बसतात, आणि तरी एकच नमुना तीन वेगळे नमुने वाटतो! शब्दांचंही तेच. एक जण ‘ॲनील्ड’ लिहितो, दुसरी ‘हीटेड’. ‘ॲनील्ड’ शोधलं की निम्म्या फाईल्स सापडतच नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका गटात रिव्ह्यूअरने कच्चा डेटा मागितला, तेव्हा आलेख ज्यावरून काढला ती फाईल दोनपैकी कुठली, हे फक्त नोकरीला लागलेल्या सीनियरला ठाऊक होतं. त्यालाही नक्की आठवेना. नमुना पुन्हा बनवावा लागला.

म्हणून त्या स्लाइड्सला माझी एक पुरवणी: नावात सगळ्यात आधी वहीतला नमुना क्रमांक. तारीख फक्त मोजमापाची, विश्लेषणाची कधीच नाही. आणि वापरायच्या शब्दांची यादी सामायिक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ फाईलमध्ये. यादी गाईडने नाही, रोज मशिनवर बसणाऱ्यांनी करावी. सर क्वचितच एक्सआरडीची फाईल सेव्ह करतात. नवा शब्द हवा असेल तर आधी यादीत घालायचा, मगच वापरायचा. ‘फायनल’ हा शब्द मात्र यादीत घेऊ नका. त्याच्या मागोमाग ‘फायनल २’ येतोच.