केहिमकरांचा इतिहास : पेण-रोह्याच्या बाजूने वाचताना

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला तो १८९७ साली. तो छापून निघाला १९३७ साली, तोही तेल अवीवला, आणि तोवर लेखक हयात नव्हते. कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासून आपण त्याला रायगड म्हणतो) एका जुन्या रहिवाशांचे हे चरित्र असे दूरदेशी प्रकट व्हावे, यात दैवाची थोडी थट्टा आहेच.

ग्रंथाचा सगळा भार नौगावच्या किनाऱ्यावर आहे. गलबत फुटते, सात पुरुष व सात स्त्रिया वाचतात आणि त्यांच्यापासून जमात वाढते. या प्रसंगाला केहिमकर इसवी सनापूर्वी १७५ हे सालही देतात. साल कसले, तो अदमासच; पण ते ज्या खात्रीने मांडतात ती पाहून मला त्यांच्याविषयी मायाच वाटते. एवढ्या लांबच्या गोष्टीला साक्षीपुरावा कोठून आणायचा?

माझी तक्रार निराळी आहे. गलबत एका रात्रीत फुटते, पण वस्ती एका रात्रीत होत नाही. किनारा सोडून आत सरकायचे, अंबा-कुंडलिकेच्या खोऱ्यात गावोगाव घाणा मांडायचा, शेजाऱ्याचे तीळ-खोबरे गाळून द्यायचे आणि शनिवारी मात्र बैल सोडून स्वस्थ बसायचे, हे शेकडो वर्षांचे काम आहे. ‘शनिवार तेली’ हे नाव त्यांना गावाने दिले. हिब्रू विसरलेल्या माणसांचा धर्म शेजाऱ्यांनी घाण्याच्या सुटीवरून ओळखला! या दोन शब्दांत मला त्या गलबताहून अधिक इतिहास दिसतो.

आणि आडनावे! पेणकर, रोहेकर, कुंडलिकेपलीकडचे अष्टमकर, थळकर, दिवेकर. शंभरावर गावे या जमातीने आपल्या नावात जपली आहेत. वाचकहो, पेणमध्ये राहणाऱ्याला पेणकर कोण म्हणणार? तेथे तर सारेच पेणचे. घराणे पेण सोडून मुंबईला किंवा पलटणीत गेले, म्हणजे ते पेणकर झाले. आडनाव येण्याची नव्हे, जाण्याची नोंद ठेवते. खुद्द ग्रंथकाराचे आडनाव किहीम गावचे आहे. म्हणजे खरा पुरावा मुखपृष्ठावरच छापलेला आहे आणि आत मात्र लेखक समुद्राकडे टक लावून बसला आहे.

तो तसा का बसला, हे कळत नाही असे नाही. आपण अस्सल यहुदी आहोत, हे त्याला जगाला पटवायचे होते. जमातीत ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद होता; स्थानिक स्त्रियांची संतती ती काळी. कुळी शुद्ध दाखवायची तर या मातीशी झालेल्या सोयरिकी आवाज खाली आणूनच सांगाव्या लागतात. पुढे इस्राएलला गेलेल्या याच लोकांच्या विवाहांना १९६०च्या सुमारास तेथील धर्मपीठाने हरकत घेतली, पूर्वजांची चौकशी मागितली. माणसे धरणे धरून बसली, तेव्हा १९६४ साली सरकारने त्यांना पूर्ण यहुदी मानले. हे वाचले म्हणजे केहिमकरांची धास्ती खोटी नव्हती असे म्हणावेच लागते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तर दोन्ही बाजूंना न्याय दिला : रक्त यहुदीही आहे आणि भारतीयही.

तरीही, पेण-रोह्याच्या घराण्यांचे ऋण या ग्रंथाने पुरते फेडले नाही असेच मला वाटते. पूर्वज कोठून आले याचा शोध आहे. त्यांनी इथे काय उभे केले याचा हिशेब त्यापुढे फिका पडतो. पेणला १८६३ साली त्यांनी सिनॅगॉग बांधले. घाण्यावरच्या कमाईतून आणि मुंबईला गेलेल्यांच्या पगारातून असे प्रार्थनालय कसे उभे राहते, कोण विटा वाहतो, उद्घाटनाला गावातले कोण कोण येते, याची एखादी जिवंत गोष्ट हवी होती. ज्या केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली, त्यांना अशा कामातले कष्ट का ठाऊक नव्हते?

आणि स्वयंपाकघर तर दाराबाहेरूनच दिसते. एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणारा मलिदा पोह्यांचा असतो : गूळ, ओले खोबरे, वर फळे. पेणचे पोहे आज आपल्या दिवाळीच्या चिवड्यात आहेत, तेच त्यांच्या नवसाच्या ताटात. अरबस्तानच्या वाटेने आलेल्या पैगंबराला कोकणातल्या भाताची गोडी लावणाऱ्या त्या रोहेकर-पेणकर बायका कोण होत्या, हे लिहायला आता कोणी तरी त्यांच्या नातींशी, लोदला आणि अश्दोदला, मराठीतच बोलले पाहिजे; त्यांच्यातल्या म्हाताऱ्या अजून मराठी बोलतात.